दस्तगीरचं कोरं तोंड

...आन् वर म्हणं हसायचं बी नाय! आता तुमीच सांगा राव, माणूस आजारी पडलाय, पाय सुजून भोपळा झालाय, तुमी उनातान्हाचा डोंगर चढून त्याच्या दारात गेलायसा, आन् तिथं जाऊन तोंड करायचं कसं, तर शेणानं सारवलेल्या भिंतीवानी! हसायचं नाय, धीर द्यायचा नाय, पाठीवर हात ठिवायचा नाय. ‘कसं हाय?’... एवढंच इचारायचं! अवं, सोयरीक मोडाया आलेला पावणा बी आधी पाऊसपाण्याचं बोलतो, मंग मोडतो. हितं औषध द्याया आलेला माणूस, आन् बोलणं भाकरीच्या तुकड्याएवढं?

कुणाचं सांगतोय म्हंजी? दस्तगीरचं! आमच्या दवाखान्यातला ड्रेसर. आन् मी सयाजी, त्याच दवाखान्याच्या दारात स्टुलावर बसणारा. पाटीवर काय लिवलंय ते मला आजपत्तर ठावं नाय, पर आत कोण खरंच कण्हतंय आन् कोण सासूच्या कामातनं सुटाया कण्हतंय, ते मी भाईर बसून सांगतो. त्यामुळं मी सांगतो ते मनावर घ्या, नायतर घेऊ नका, तुमची मर्जी, माझं काय जातंय.

तर दस्तगीर. त्याचा बाप जुन्नरचा, डोक्यावर टोपली घेऊन डोंगरात बाया-पोरींस्नी बांगड्या भरायचा. आन् दस्तगीर ल्हानपणी मागनं मागनं. आता तुमाला सांगतो, बांगडी भरणं म्हंजी काय नुसतं हात दाबणं नव्हं! बाप त्याला सांगायचा, ‘बेटा, तोंड बंद पडलं की बांगडी फुटली समज. बाईला बोलण्यात गुतव. ती हसली की हात सैल पडतो, आन् बांगडी सुरकन आत.’ दस्तगीरनं बापाचा धंदा सोडला, पर बापाची जीभ काय सोडली नाय. ती घेऊन आला दवाखान्यात.

आन् दवाखान्यात काय, तर नारू! तुमी बघितला नसंल, नशीब काढलंत. वंगाळ पाण्यातनं पोटात जायचा, वरीसभरानं पायाला फोड यायचा, फोड फुटला की आतनं पांढरं, सुतावानी किडं डोकं काढायचं. हात-दीड हात लांब! वढायचं काम नाय. वढलं की तुटलं, आन् आत तुटलं की समदा पाय पिकला. त्याला काडीला गुंडाळायचं, आज वाईच, उद्या वाईच. आन् ते गुंडाळावं दस्तगीरनंच! ‘काय गं म्हातारे, एवढं सूत आत साठवलंस, लुगडं इणतीस का काय? मला बी एक मुंडासं इण की!’ म्हातारी हसली की ह्यानं काडीला एक येढा दिला. ‘आरं मेल्या, दुखतंय!’ ‘दुखतंय? मंग सासरा कसा सोसला?’ पुन्ना हसली, पुन्ना येढा. पैलवान गडी रडायचे त्या काडीला, पर दस्तगीरच्या हाताखाली रडता रडता हसायचे.

बरं चाललं व्हतं का नाय? पर बरं चाललेलं कुणाला बघवतंय!

त्या सालच्या उन्हाळ्यात पुण्यास्नं डाक्टरीण आल्या, शीलाबाई. बाई हुशार, वंगाळ नाय बोलणार मी, मला रोज चहा पाजायच्या. म्हणाल्या, नारूवर एक नवी गोळी निघालीय. ती गुण देती का नाय हे अजून कुणालाच ठावं नाय, ते गावोगावी बघायचं, आन् बघायचं कसं ते आदी तुमाला शिकवायचं. झालं! जुन्नर-आंबेगावचे झाडून समदे ड्रेसर, कंपौंडर, देवी टोचणारे, सुईणी गोळा केल्या, आन् घोडेगावात हिरड्याचं एक गोदाम रिकामं व्हतं त्यात बसवलं. बाकावर! दस्तगीर जल्मात पयल्यांदा बाकावर बसला. शाळंचं तोंड बघितलेलं नाय बिचाऱ्यानं. पयल्या दिवशी अत्तर लावून आला व्हता... हिरड्याच्या वासात अत्तर, या अल्ला, काय घमघमाट!

बाईंनी दोन डब्या काढल्या. एकीवर सूर्य, एकीवर चंद्र. आत गोळ्या, दिसाया अगदी जुळ्या भावावानी. ‘एका डबीत औषध आहे. दुसरीत नुसता खडू. कोणाला कोणती, ते चिठ्ठी काढून ठरेल.’

दस्तगीर उठला. ‘बाई, मंग खडूवाल्यांनी काय पाप केलं?’

‘त्यांचं काही कमी करायचं नाही, दस्तगीर. काडीला गुंडाळणं, धुणं, पट्टी, सगळ्यांचं तसंच चालू. गोळीनं त्यावर काही फायदा होतो का, तेवढं बघायचंय.’

‘आन् खडूची डबी कंची?’

‘मला माहीत नाही.’

समदं गोदाम हसलं! डाक्टरला ठावं नाय, मंग इचारायचं कुणाला, भगताला? बाई म्हणाल्या, ‘माहीत असलं की तोंडावर दिसतं. आपण “बरं वाटतंय ना?” असं विचारलं, की माणूस भिडेनं “हो” म्हणतो. मग त्याला गोळीनं बरं वाटलं की तुमच्या भिडेनं, हे मी कसं ओळखू?’ म्हणून म्हणं, ‘कसं हाय?’... एवढंच इचारायचं! कोऱ्या तोंडानं.

आता ते शिकायचं तर आजारी माणूस पायजे. मंग काय, मी! मला बाजंवर निजवलं, पायाला पट्टी गुंडाळली, आन् एकेकानं यायचं. दस्तगीर आला. ‘काय सयाजीराव, वाटतंय ना बरं?’ बाई म्हणाल्या, ‘चूक!’ पुन्ना आला. ‘दुखत नाय ना आता?’ ‘चूक!’ तिसऱ्यांदा आला, तोंड आवळून आवळून, ‘कसं हाय?’ म्हणला... आन् मी म्हणलं, ‘गोळी खाल्ल्यापास्नं बायकू गोरी दिसाया लागली राव!’ फुटला! हसून हसून बाकाखाली गेला. मी बी. सुईणी बी. एकट्या बाई तेवढ्या नाय हसल्या. बाई म्हणाल्या, ‘दस्तगीर, तुमची जीभ इतकी गोड आहे की खडूनंसुद्धा माणूस बरं वाटतंय म्हणेल. ही सगळी पारख तुम्ही एकटे बुडवाल.’

बाई रागावून नव्हत्या बोलल्या. जे व्हतं ते बोलल्या. पर समद्यांच्या म्होरं बोलल्या, आन् बाकावर बसलेल्या पोराला ते लागलं. पोरगं म्हंजी काय, कल्ले पांढरे व्हाया लागले व्हते! पर बाकावर बसला की माणूस पोरगंच की. सांच्याला मला म्हणला, ‘सयाजी, मला कुणी कंदी काय शिकवलं नव्हतं रं. पयल्यांदा शिकवतंय कोण, आन् त्यात मी नापास?’

मी काय साधा? मी म्हणलं, ‘कोरं तोंड शिकायचं तर बेल्ह्याच्या बाजाराला चल.’ नेला त्याला. तिथं बैलांचे दलाल बघितलेत का तुमी? रुमालाखाली हातात हात, बोटं दाबून भाव चाललाय, आत शंभराचा फरक पडतोय, आन् वर तोंड असं की जणू मयताला बसलाय! दस्तगीर दिवसभर एका दलालाच्या म्होरं उकिडवा बसून त्याचं तोंड बघत व्हता. तो दलाल शेवटाला चिडून म्हणला, ‘तुला बैल घ्यायचाय का मी?’ पर दस्तगीर शिकला! म्होरल्या खेपंला माझ्या बाजंपाशी आला, मी म्हणलं, ‘राव, गोळीनं शेपूट फुटलं.’ एक रेघ हलली नाय तोंडावर. ‘कसं हाय?’ बास. बाई म्हणाल्या, ‘शाब्बास दस्तगीर!’ ...शाब्बास! अवं, त्या एका शाब्बासकीनं घात केला.

आता सोनीबाईचं सांगतो. समदं तिच्यासाठीच तर सांगतोय.

घोडेगावच्या वर, डोंगरात, कड्याच्या पोटाला एक वाडी हाय. तिथं सोनीबाई आन् तिचा नवरा कुशाबा. दस्तगीरच्या बापानं सोनीबाईला लग्नाचा चुडा भरला, तवा टोपली धरून दस्तगीर बसलेला. तवापास्नं ती त्याची धरमाची बहीण. दर भाऊबीजंला हा चढून जायचा, ती ओवाळायची, आन् हा बाप भरायचा तसा तिला चुडा भरायचा. आन् बाई कशी? पाणी आणायचं तर खाली झऱ्यावर, घागरीवर घागर घेऊन उभी चढण चढायची. भाताच्या आवणीला चिखलात म्होरं सोनीबाई, आन् तिच्या मागं समद्या बाया. त्या डोंगरात पाय म्हंजीच माणूस, राव. पाय गेला की माणूस घरातल्या मुसळावानी, उभं केलं तर उभं, आडवं केलं तर आडवं.

त्या साली नारू निघाला तिलाच. घोट्याला. चिठ्ठीत चंद्राची डबी आली, आन् ती वाडी नेमकी दस्तगीरकडं.

गेला हा. एरवी खालच्या बांधावरनंच वरडायचा, ‘आक्का, भाकरी टाक गं, तुझा फुकट्या आला!’ आता गप चढला. दारात उभा ऱ्हायला. तोंड बेल्ह्याच्या दलालाचं. ‘कसं हाय?’

सोनीबाई म्हणली, ‘बरं हाय.’

आता हितं गोम हाय, नीट ऐका. आमच्या डोंगरात दारात आलेल्याला कुणी वंगाळ सांगत नाय. घरात मढं असलं तरी आदी म्हणणार ‘बरं हाय, बसा.’ मंग गूळपाणी. मंग तंबाखू मळायची, चार टोमणे मारायचे, चार खायचे, पावणा हसला, आपण हसलो, की मंग जरा आवाज पाडून निघतं, ‘तसं वाईच दुखतंय बरं का...’ अवं, खरं बी नारूवानीच असतंय! वढलं की तुटतं. त्याला बी वाईच वाईच गुंडाळून काढावं लागतंय. आन् ही काडी ज्याच्या हातात जल्मापास्नं व्हती, त्यानंच ती खाली ठिवली, कशापायी, तर एका शाब्बासकीपायी!

घोट्याची पट्टी सोडली त्यानं. नारू वाईच गुंडाळला, धुतला, बांधला. मुकाट. घोटा सुकत चाललेला. गोळी दिली, निघाला. बाईंनी सांगितलं व्हतं, दोन्ही पाय पार वरपत्तर बघा. पर तुमीच सांगा, मुक्यानं बाईला लुगडं गुडघ्यावर घ्या म्हणायचं कसं? एरवी तो म्हणला असता, ‘आक्का, ह्या नारूचा भाऊबंद वर लपलाय का बघू दे, का त्याला बी ओवाळतीस?’ आन् तिनं हसत हसत पाय म्होरं केला असता. हसण्यातच लाज झाकली असती. हसणंच नाय, तर लाज झाकायची कशानं? घोटा बघितला, बरं दिसला, चालला.

आन् दुसरा नारू व्हता की. गुडघ्याच्या मागं.

म्होरल्या आठवड्याला पुन्ना. ‘कसं हाय?’ ‘बरं हाय.’ आन् त्याच येळेला, ऐका हां, कुशाबा खालनं आला. डोक्यावर घागर! बापय गडी, मिशीवाला, डोक्यावर चुंबळ आन् घागर, अंगभर पाणी सांडलेलं! त्या वाडीत बाप्यानं पाणी भरलेलं आजोबाच्या आजोबानं बघितलं नसंल. दस्तगीरच्या व्हटावर आलं की! मला सोता सांगितलंय त्यानं, अगदी जिभंच्या शेंड्यावर आलं व्हतं, ‘काय कुशाबा, लगीन उलटं झालं का काय? डोहाळे कंदी?’ एवढं म्हणला असता ना... कुशाबा चिडला असता, सोनीबाई हसली असती, आन् हसता हसता तोंडातनं निघालं असतं, ‘काय करतील, माझा गुडघा वाकत नाय.’ एवढंच व्हतं, राव! एका टोमण्याचं काम व्हतं!

गिळला त्यानं. ‘कसं हाय?’... एवढंच इचारायचं! टोमणा गिळला, गोळी दिली, डोंगर उतरला. आन् मला येऊन छाती काढून सांगतो, ‘सयाजी, आज लई अवघड व्हतं, पर हललो नाय!’ मी बी गाढव, म्हणलं, ‘शाब्बास.’

तिकडं सोनीबाईचं काय झालं? ती रात्रंदिस इचार करती, भावाचं काय बिनसलं? बसत नाय, पाणी पीत नाय, तोंडाकडं बघत नाय. माझं काय चुकलं? मंग कुणीतरी सांगितलं, पुण्याची बाई येणार हाय, गोळीचा गुण आला का नाय ते दारोदार बघणार हाय. झालं! तिनं मनाशी ताळा जुळवला. गोळी दस्तगीर देतो, गुण नाय आला म्हणलं तर बोल दस्तगीरला लागंल, बिचाऱ्याची नोकरी जाईल, म्हणून एवढा धसका घेतलाय. तिनं समद्या वाडीला बजावलं, ‘कुणी दुखतंय म्हणायचं नाय. माझ्या भावाचं प्वाट हाय त्याच्यावर.’ आन् वाडीनं ऐकलं! सूर्यवाले म्हणले बरं हाय, चंद्रवाले म्हणले बरं हाय. एक गडी तर काठी टेकत टेकत दारात आला आन् काठी मागं लपवून म्हणला, ‘बरं हाय.’

शीलाबाई वर आल्या. दस्तगीर मागं. ज्याला त्याला इचारलं, बरं हाय, बरं हाय, बरं हाय. बाईंचं तोंड उतरत चाललं. म्हणाल्या, ‘दोन्ही डब्यांना सारखाच गुण? खडूसुद्धा शंभर टक्के?’ आन् सोनीबाईच्या घरी आल्या, तर ती भिताडाला टेकून, पाय लांब. बाई शेजारी जमिनीवर बसल्या, दस्तगीरला भाईर काढला, लुगडं वर केलं.

दस्तगीर भाईर उभा. आतनं सोनीबाईचा आवाज आला, ‘त्याला काय बोलू नगा बाई. गोळी चांगली हाय त्याची. पायच माझा हलकट.’

गुडघा पिकून गेला व्हता. आत कुठंतरी तो नारू तुटला व्हता, तिनंच घाईनं वढला व्हता, भावाला दिसू नये म्हणून.

बाई भाईर आल्या. वरडल्या नायत. एवढंच म्हणाल्या, ‘दस्तगीर, मी तोंड कोरं ठेवा म्हटलं होतं. डोळे कोरे ठेवा म्हटलं नव्हतं.’ मंग म्हणाल्या, ‘आणि दारात टेकूच नका, असंही म्हटलं नव्हतं. पण बसा, असंही सांगितलं नाही मी.’

झोळी करून सोनीबाईला उतरवलं. म्होरं कुशाबा, मागं दस्तगीर, खांद्याला बांबू. उतारभर तो बोलत व्हता, माहितीय? समदे इनोद त्या दिशी केले त्यानं! ‘आक्का, वरात निघाली गं तुझी! कुशाबा, नीट धर, नवरी पडंल!’ ती हसायचा परयत्न करायची, मधीच कण्हायची. कुशाबा म्हणला, ‘दस्त्या, आता गप रं.’ ...तवा बोलायचं तर बोलला नाय, आन् आता गप बसायचं तर बसंना!

पाय वाचला. कापला नाय. पर गुडघा धरला तो धरलाच, काठीवानी ताठ. तिला औषध गेलं का खडू, इचाराल तुमी. कुणास ठावं! आन् कळून गुडघा वाकणार हाय का?

बाईंनी समदी पारख पयल्यापास्नं मांडली. पुन्ना ते हिरड्याचं गोदाम, पुन्ना बाक. तोंड कोरंच, पर आता ‘कसं हाय?’ झाल्यावर बूड टेकायचं, गूळपाणी घ्यायचं, आन् इचारायचं, आज पाणी कुणी आणलं? रातच्याला झोप कवा लागली? झऱ्यावर शेवटाला कंदी उतरलात? आन् बायांचे पाय बाईनंच बघायचे. दस्तगीरला म्होरं उभा केला, म्हणाल्या, सांगा ह्यांना काय झालं ते. दस्तगीर उभा ऱ्हायला. म्हणला, ‘कुशाबाच्या डोक्यावर घागर व्हती,’ आन् खाली बसला. नव्या पोरांस्नी काय बी कळलं नाय. ती हसली. मी बाजंवर पट्टी बांधून पडलेलो, मला बी इनोद सुचला नाय त्या दिशी. माझ्या जल्मात पयल्यांदा!

त्या दिवाळीला मला म्हणला, ‘सयाजी, तू बी चल. एकल्यानं दारात जायचा धीर नाय.’ गेलो. भाऊबीज व्हती. एरवी तो पाटावर बसायचा आन् ती वाकून ओवाळायची. आता ती खाटंवर, पाय लांब करून, आन् हा खाली गुडघे टेकून, डोकं तिच्या हाताखाली घेऊन. तिनं कुकू लावलं, ओवाळलं. ह्यानं चुडा काढला, तिचा हात हातात घेतला, आन् भराया लागला... मुक्यानं. आन् फुटली की बांगडी! बापानं सांगितलं व्हतं का नाय? तिच्या हाताला जरा रगात आलं. हा तसाच, मान खाली.

सोनीबाईनं त्याची हनवटी धरली, तोंड वर केलं, आन् म्हणली, ‘दस्त्या, तू माझ्या दारात इतक्या येळा इचारलंस, मी एकदा इचारू? कसं हाय रं?’

दस्तगीरनं डोळे पुसले बाहीला. म्हणला, ‘बरं हाय, आक्का.’

सोनीबाई माझ्याकडं बघून म्हणली, ‘सयाजी, हे औषध का खडू?’

मी काय सांगणार, राव? दोन्ही दिसाया सारखंच!